सासऱ्यांची संस्थानं

हिंदुस्थानातल्या यच्चयावत संस्थानांवर एकाच वेळी आणि सारखंच प्रेम करणारा माणूस माझ्या माहितीत एकच होऊन गेला, आणि तो म्हणजे माझे सासरे. खुद्द संस्थानिकांचंही आपापल्या संस्थानावर इतकं प्रेम नसावं. ते बिचारे उन्हाळा लागला की महाबळेश्वरला जात, नाहीतर सरळ विलायतेची बोट पकडत. माझे सासरे मात्र लोणावळ्यातल्या आपल्या कौलारू घरात बसून बारा महिने संस्थानांतच राहत. कोणत्या राजाला किती तोफांची सलामी मिळते, कोणाचं दत्तकाचं भांडण सरकारदरबारी अडकलंय, यातलं त्यांना काही ठाऊक नसे. त्या राजाच्या मुलखात एखाद्या गरिबाला फिर्याद लावायची झाली, तर त्याच्या अर्जाला कोणत्या रंगाचं तिकीट डकवावं लागतं, एवढंच त्यांना ठाऊक असे. पण ते मात्र असं पक्कं, की त्या राजाच्या कारभाऱ्यानेही खाली मान घालावी. कोर्ट फीची तिकिटं आणि पावत्यांवरची रेव्हिन्यू तिकिटं, तीही फक्त संस्थानांची, एवढाच त्यांचा छंद होता. बाकी माणूस निर्व्यसनी.

पेशाने ते वकील. राहायला लोणावळ्यात आणि कोर्ट वडगावला, त्यामुळे सकाळच्या गाडीने जायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचं असा त्यांचा क्रम. अंगावरचा काळा कोट इतका जुना की उन्हात तो हिरवा दिसे. कोर्टात दिवसभर त्यांच्या हाताखालून इंग्रजी मुलखाची तिकिटं जात, पण त्यांच्याकडे ते ढुंकूनही पाहत नसत. मद्रासला तेच, लाहोरला तेच आणि वडगावलाही तेच. असली तिकिटं जमवणं म्हणजे एकाच चिंचेची पानं गोळा करणं, असं त्यांचं मत. पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्यांना ते लहान मुलांत धरत. एकदा मी भीत भीत विचारलं होतं की कोर्टाच्याच तिकिटांत असं काय आहे. तेव्हा ते म्हणाले, "पोस्टाच्या तिकिटामागे खुशाली असते, फार तर लग्नाची बोलावणी. कोर्टाच्या तिकिटामागे माणूस रडकुंडीला येऊन उभा असतो, जावईबापू. असल्या तिकिटाला टाकून कसं द्यायचं?"

हे नुसतं बोलणं नव्हतं. हाती आलेल्या प्रत्येक तिकिटामागे कोणाचा कज्जा होता आणि त्याचा निकाल काय लागला, हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. तिकीट चिकटलेल्या कागदाच्या तुकड्यावर गावाचं नाव, एखादं आडनाव, असं काहीबाही उरलेलं असे. तेवढ्यावरून ते त्या मुलखात जोडकार्ड, म्हणजे उत्तराचं कोरं कार्ड जोडलेलं पोस्टकार्ड, टाकत: आपला विहिरीचा दावा कसा सुटला, कृपया कळवावे. बहुतेक जोडकार्डं कुठे जात ते परमेश्वराला माहीत. पण एकदा ग्वाल्हेरकडून एका गृहस्थाचं उत्तर आलं. लोणावळ्याला विहिरींची दाद लावणारं नवं सरकारी खातं निघालंय असा त्याचा समज झाला होता, आणि त्याने उत्तराबरोबर चुलत्यावर नवी फिर्याद लिहून पाठवली होती. सासऱ्यांनी ती मनापासून वाचली, आणि चुलत्याशी गोडीनेच घ्या, विहिरीपेक्षा चुलता जवळचा, असं त्याला कळवलं. त्या गृहस्थाने गोडीने घेतलं की नाही हे कळलं नाही, याची रुखरुख त्यांना पुढे कितीतरी वर्षं होती.

घाट चढून आलेली गाडी लोणावळ्याला जरा दम खायला थांबते, आणि घाट उतरायला निघालेलीही थांबते. तेवढ्या वेळात सासरे फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पगड्या पाहत धावत. पगडीवरून माणसाचा मुलूख ओळखण्यात त्यांचा हातखंडा. ही शिंदेशाही, ती होळकरी, तो कोपऱ्यातला बडोद्याकडचा, असं म्हणत ते खिडकीशी जात, गुडदाणीची पुडी पुढे करत (चिक्कीला तेव्हा गुडदाणीच म्हणत), आणि नमस्कार करून विचारत, "आपल्याकडे कोणी कोर्टकचेरीत हरलेलं आहे का हो?" प्रवासाला निघालेल्या माणसाला हा प्रश्न अभद्र वाटावा यात नवल नाही. पण त्यांच्या तोंडाकडे पाहून कोणी रागावत नसे. उलट लोक सांगू लागत. आणि हरलेल्या माणसाला एकदा ऐकणारा भेटला की तो थांबत नाही. एकदा असाच माळव्याकडचा एक म्हातारा कारकून आपल्या आंबराईची हकिगत सांगत होता आणि सासरे डब्यात त्याच्याशेजारी बसून ऐकत होते. आंबराई हातची जाईपर्यंत गाडी खंडाळा सोडून घाट उतरू लागली होती. संध्याकाळी ते कर्जतहून परत आले तेव्हा त्यांच्याजवळ दोन नवी तिकिटं होती आणि पायांत एकच पायताण होतं. दुसऱ्याचं काय झालं, असं सासूबाईंनी विचारलं. त्यांना आंबराईबद्दल इतकं वाईट वाटत होतं की पायताणाचं त्यांनी मनावरच घेतलं नाही.

त्यांचे अशील बहुतेक मावळातले शेतकरी. टाकव्याचे एक आबा त्यांच्याकडे वर्षानुवर्षं येत. आबांची बहीण घाटाखाली भोर संस्थानच्या मुलखात दिलेली, आणि तिच्या दिरांनी तिचं भातखाचर बळकावलेलं. तिथल्या कचेरीतले कागद घेऊन आबा घाट चढून येत आणि सासऱ्यांपुढे पसरत. एकदा मी तिथे बसलो होतो. सासऱ्यांनी भिंग काढलं, कागदाच्या कोपऱ्यावर धरलं, आणि बराच वेळ वर पाहिलंच नाही. शेवटी आबा म्हणाले, "वकीलसायेब, आमी खालच्या अक्षराचं इचारतोय. तुमी वरच्या चित्रातच हाय."

सासरे ओशाळले. त्या कागदावरच्या तिकिटाची छटा त्यांच्या संग्रहात नव्हती, हे मला नंतर कळलं. आबांनाही ते कळलं असावं. कागद आता जुना झालाय, तेवढा तुकडा फाडून घ्या, असं ते म्हणाले. सासऱ्यांनी कागदाची नीट घडी घालून तो आबांच्या मुंडाशात परत खोचला आणि सांगितलं की दावा सुटेपर्यंत या कागदाला कोणाला हात लावू देऊ नका, मलाही नाही.

घरी हा सगळा राज्यकारभार सासूबाईंच्या स्वयंपाकघरात चाले. तिकिटं कागदावरून सोडवायची तर ती पाण्यात भिजवावी लागतात, आणि सासऱ्यांना त्यासाठी परातच लागे. शेजारणीने परात मागायला यावं आणि सासूबाईंनी शांतपणे म्हणावं, परात मोकळी नाही, तीत इंदूर भिजतंय, हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. पावसाळ्यात तर फार हाल. लोणावळ्याच्या पावसाळ्यात मिठाचं पाणी होतं, काडी पेटत नाही, आणि गोंद लावलेली कुठलीही वस्तू शेजारच्या वस्तूशी संसार थाटते. म्हणून आषाढापासून दिवाळीपर्यंत सगळ्या वह्या चुलीवरच्या फळीवर मसाल्याच्या डब्यांशेजारी राहत. त्यामुळे त्यांच्या ग्वाल्हेरला हिंगाचा वास येई आणि बडोद्याला गोड्या मसाल्याचा. उन्हाळ्यात पापडांसाठी पसरलेल्या जुन्या धोतरावरच तिकिटंही वाळत. एकदा वडगावचे मुन्सफ जेवायला आले असताना त्यांच्या पानातल्या तळलेल्या पापडावर एक चौकोनी डाग निघाला. मिऱ्याचं साल असेल, असं सासूबाई म्हणाल्या. सासरे आपल्या पानावरून उठले, चिमटा आणला, मुन्सफांच्या पापडावरून तो चौकोन अलगद उचलला, उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "जंजिरा आहे. पण वाचत नाही." मग सगळे गंभीरपणे जेवले. मुन्सफ भला माणूस, त्याने दुसरा पापड मागून घेतला.

अशा या घरात मी जावई म्हणून शिरलो तो माझ्या जन्माच्या दाखल्यामुळे. मला वलवणच्या धरणावर वीज कंपनीत नोकरी लागली होती, आणि साहेबाला माझ्या जन्मतारखेच्या दाखल्याची वकिलाने तपासलेली नक्कल हवी होती. माझं गाव दक्षिणेकडच्या एका संस्थानातलं. ते संस्थान इतकं लहान की आगगाडीत बसून तपकिरीची चिमूट ओढायला मान खाली घालावी आणि वर करेपर्यंत संस्थान मागे पडलेलं असावं. पण लहान असलं तरी त्याला स्वतःची कचेरी होती, आणि कचेरीला स्वतःचं तिकीट. त्यावर गणपती होता, आणि त्याची सोंड डावी की उजवी हे त्या दिवशीच्या शाईवर अवलंबून असे. मी दाखला पुढे केला. वकीलसाहेबांनी तो पाहिला, भिंगातून पाहिला, उलटा करून पाहिला. माझ्या जन्मातच त्यांना काही खोट सापडली की काय, असं वाटून मला घाम फुटला. इतक्यात त्यांनी चहा मागवला आणि माझी चौकशी सुरू केली. घरी कोण कोण असतं, शेती किती, आजोबा काय करत? आजोबा संस्थानच्या खजिन्यात कारकून होते, असं मी सांगितलं. जुन्या पावत्या घरात असतील, नाही का? एक पेटी भरून आहेत, म्हटलं. मग त्यांनी माझं लग्न झालंय का, ते विचारलं.

मालतीला मी पसंत पडलो, मला ती पहिल्याच भेटीत पसंत होती, आणि लग्न झालं. आता सासऱ्यांची कळी खुलवायची म्हणून मी दिवाळीला गावी गेलो, आजोबांच्या पेटीतल्या पावत्या एका पत्र्याच्या डब्यात घातल्या, आणि मोठ्या ऐटीत तो डबा त्यांच्यापुढे नेऊन ठेवला. त्यांनी झाकणसुद्धा उघडलं नाही. "छान. जपून ठेवा," एवढंच म्हणाले आणि डबा माझ्याकडे सरकवला. मला वाटलं, संकोच असेल. पुढच्या खेपेला मी एकच पावती खिशातून नेली, तर तीही परत मिळाली. माझा थोडा अपमानच झाला. ज्या तिकिटापायी जावई झालो, तेच तिकीट घ्यायला हा माणूस तयार नाही. आणखी गंमत म्हणजे याच तिकिटासाठी ते मुंबईच्या तिकीटवाल्यांना पत्रं पाठवत होते, फलाटावर माझ्या गावाकडच्या पगड्या धुंडाळत होते. जी वस्तू मैलभरावर जावयाच्या घरी डबा भरून पडलेली होती, तिच्यासाठी ते सगळ्या हिंदुस्थानाच्या विनवण्या करत होते.

आमच्या वलवणच्या घरी ते दर रविवारी चालत येत. मुलीच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही हा जुना रिवाज ते कसोशीने पाळत, म्हणून येताना फिरकीचा तांब्या भरून बरोबर आणत. ओसरीवर बसायचं, मुलीशी बोलायचं, आपल्या तांब्यातलं पाणी प्यायचं आणि उठायचं. मालतीला हे खुपे, पण जुन्या माणसाला काय म्हणायचं?

मग एकदा पुण्याहून तिची एक चुलत आत्या आली. हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांत ती हसत हसत म्हणाली की आमच्या दादाने पोरगी दिली ती एका तिकिटावर, आणि पोस्टकार्डालासुद्धा तेवढं लागतंच की. बायका हसल्या. मालतीही हसली, आणि घरी येऊन तिने चूल पेटवली नाही. मी समजूत घातली, विषय हसण्यावारी न्यायला पाहिला, पण ते काट्यासारखं आत गेलं होतं. तिला आठवलं की तिच्यासाठी दोन चांगली स्थळं आली होती, एक पुण्याचं आणि एक ठाण्याचं. दोन्ही इंग्रजी मुलखातली. दोन्हींना बाबांनी नाही म्हटलं होतं. ती माहेरी जायची थांबली. सासरे रविवारी आले की ती आतच काहीतरी करत राही. ते ओसरीवर माझ्याशी हवापाण्याचं बोलत, दाराकडे पाहत, आणि तांब्याची फिरकी पुन्हा लावून उठत. असा निम्म्याहून अधिक पावसाळा गेला. त्यांनी काय झालं ते विचारलं नाही. वकिलाला साक्षीदाराच्या मौनाचा अर्थ बरोबर कळतो.

भाद्रपदात एका दुपारी मालतीने तो पत्र्याचा डबा उचलला आणि पावसातच निघाली. मी छत्री घेऊन तिच्यामागे धावलो. सासरे घरीच होते, परातीवर वाकलेले. तिने डबा त्यांच्यासमोर ठेवला.

"घ्या बाबा. याच्यासाठीच दिलंत ना मला? मग आता नको का म्हणता?"

सासूबाई चुलीपासून उठून दारात आल्या. सासऱ्यांनी हात पुसले, चष्मा काढून तोही पुसला. मग आत जाऊन फळीवरची एक वही आणली आणि तिच्यापुढे उघडली. पानावर माझ्या संस्थानाचं नाव सुरेख अक्षरात लिहिलेलं होतं, आणि खाली पान कोरं होतं. शेजारची पानं भरलेली, हे एकच रिकामं.

"मी खोटं नाही बोलणार, मालू," ते म्हणाले. "तिकीट पाहिलं म्हणून मुलाकडे पाहिलं. हे खरं आहे. दुसरा बाप पगार पाहून मुलाकडे पाहतो. पण मुलगा नीट पाहिल्यावर मी पुन्हा तिकिटाकडे नाही पाहिलं. तुझ्यावर अक्षता पडल्या तेव्हाच माझ्या लक्षात आलं, की आता हे पान काही भरायचं नाही. तुझ्या घरातून माझ्या घरी कागदाचा कपटा जरी आला, तरी तो पाहताना मला वाटेल की ही माझ्या मुलीची किंमत."

मालती त्या कोऱ्या पानाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मग मुंबईला कशाला शोधताय?"

"हवंय म्हणून," सासरे म्हणाले.

ते असं काही केविलवाणेपणाने म्हणाले की दारातल्या सासूबाईंना हसू फुटलं. मालतीला हसू आलं की रडू, ते तिलाही कळलं नसावं. ती उठली, पदर खोचला, आईला विचारलं की भाजी कसली करायचीय, आणि आत गेली. त्या दिवशी आम्ही तिथेच जेवलो. डबा मात्र आमच्याबरोबर परत आला.

पण ते कोरं पान मालतीच्या डोळ्यांसमोरून हलेना. बाबांना ते हवंय, आणि आपल्याकडून ते घेणार नाहीत, यावर ती वाट शोधू लागली. खंडाळ्याला बंगला असलेले एक पारशी शेठ होते, त्यांनाही हाच नाद. मुंबईहून आले की सासऱ्यांशी तिकिटांची अदलाबदल करत. मालतीने डब्यातली सगळ्यांत ठसठशीत पावती निवडली, तिकीट सोडवलं, आणि आम्ही दोघं शेठकडे गेलो. हे तुमचं म्हणून बाबांना द्या, एवढंच करा, असं मालतीने त्यांना विनवलं. शेठ विरघळले. पण खोटं बोलायची त्या माणसाला सवय नव्हती. "वकीलसाहेब, हे मला मुंबईमधी मिलला, फोर्टमधी मिलला, एका दुकानमधी मिलला," असं त्यांनी म्हणे न विचारता तीनदा सांगितलं. सासऱ्यांनी फुकट घेतलं नाही. बदल्यात काठेवाडातलं एक जपलेलं तिकीट काढून दिलं. ते पाहून शेठ इतके शरमले की दुसऱ्याच दिवशी घोडागाडी करून आमच्याकडे आले, आणि हे पाप मी माझ्या घरात ठेवणार नाही, असं म्हणून ते तिकीट मालतीच्या हातात देऊन गेले.

त्या रविवारी सासरे नेहमीपेक्षा लवकर आले. ओसरीवर बसले, कोटाच्या खिशातून वहीचं ते पान काढलं आणि आम्हाला दाखवलं. मिळालं एकदाचं! गणपतीची सोंड उजवी, ही पहिली छपाई. आम्ही दोघांनी शक्य तेवढं नवल केलं. मग त्यांनी भिंग काढलं. तिकिटावर आडवी सही होती, पावतीवर असते तशी, एका झोकात केलेली. मी आणि मालती दोघांनीही मोडी शाळेत शिकून विसरून टाकलेली, त्यामुळे आम्हाला ती रेघोटी वाटली होती. सासऱ्यांची उभी हयात मोडी वाचण्यात गेली होती. त्यांचे ओठ हलले. माझ्या आजोबांचं नाव आणि त्यापुढे आमचं आडनाव, एवढंच त्या सहीत असणार, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा फार उशीर झाला होता. मी मालतीकडे पाहिलं. ती जमिनीकडे पाहत होती.

सासऱ्यांनी भिंग खाली ठेवलं. मग म्हणाले, "अक्षर वळणदार आहे. सज्जन माणूस असावा."

पान त्यांनी पुन्हा खिशात ठेवलं, छातीशी. तांब्याकडे हात नेला आणि मागे घेतला.

"मालू," ते म्हणाले, "जरा चहा टाक."

मालती आत गेली. त्या चहाला इतका वेळ लागला की मी आत जाऊन पाहिलं. पाणी कधीच उकळलं होतं आणि ती चुलीपुढे डोळ्यांना पदर लावून बसली होती. धूर झाला, म्हणाली. सासऱ्यांनी तो चहा बशीत ओतून सावकाश संपवला आणि आणखी आहे का, असं विचारलं. पुढे पुण्याच्या आत्याने, दादा हल्ली मुलीकडे खातो-पितो, असा बोभाटा केला. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. तो फिरकीचा तांब्या त्यानंतर आमच्याकडे कधी आला नाही.

स्वातंत्र्य मिळालं, आणि पुढच्या वर्षी आमच्या भागातली संस्थानं विलीन झाली. वर्तमानपत्र हातात घेऊन मी त्यांच्याकडे गेलो ते समाचाराला जावं तसा. सासरे ओसरीवर बसले होते, आणि समोर टाकव्याचे आबा. आबा आता फार थकले होते. ते विचारत होते, "म्हंजी आता माजी भैन बी आपल्याच राज्यात आली म्हना की?"

"आली, आबा."

"मग लय ब्येस झालं," आबा म्हणाले. सासऱ्यांनीही झालं ते बरंच झालं असं सांगितलं, आणि ते मनापासून सांगितलं. दावा आता कुठल्या कोर्टात जाईल, कोणाला भेटायचं, सगळं त्यांनी आबांना समजावून दिलं, आणि काठी हातात देऊन फाटकापर्यंत पोचवलं. परत येऊन बसले ते एक वही मांडीवर उघडून.

"आता नवं तिकीट निघायचं नाही," ते म्हणाले. "संग्रह पुरा झाला म्हणायचा." मग थोड्या वेळाने, "पुरा होईल असं कधी वाटलं नव्हतं हो."

त्यानंतर त्यांनी फलाटावर जाणं कमी केलं. पगड्याही कमी झाल्या होत्या. आता सगळ्यांच्या डोक्यावर पांढरी टोपी, मुलूख ओळखायचा कसा? ते रोज संध्याकाळी आमच्याकडे येऊ लागले, एक वही काखेत मारून. आमची कुमुद तेव्हा शाळेत जायला लागली होती. चहा झाला की ती त्यांच्याजवळ बसे आणि ते पान उलटून गोष्ट सांगत. इतर मुलांनी राजाराणीच्या गोष्टी ऐकल्या, हिने विहिरी आणि आंबरायांच्या ऐकल्या. तिची सगळ्यांत आवडती गोष्ट देवासची. देवास हे एकच गाव, पण त्यात राज्यं दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि मधे नुसता रस्ता. थोरल्या पातीतल्या एका बाईची म्हैस रस्ता ओलांडून धाकट्या पातीत गेली आणि तिथेच कोणाच्या तरी गोठ्यात राहिली. बाईला दारातून आपली म्हैस दिसे, पण आणता येईना, कारण पलीकडे राज्य दुसरं. मग तिने फिर्याद लावली, आणि तिच्या अर्जावरचं हे तिकीट. कुमुद दर वेळी विचारी, "मग मिळाली का म्हैस?" आणि सासरे दर वेळी गंभीरपणे सांगत, "मी पत्र टाकलंय. उत्तर यायचं आहे."

ते उत्तर आलं नाही. सासरे त्यापुढच्या हिवाळ्यात गेले, फार न दुखता, घरच्या घरी. सासूबाई आता आमच्याकडेच असतात, आणि वह्या आमच्या चुलीवरच्या फळीवर.

परवा कुमुद भूगोलाचा धडा घोकत होती. नव्या नकाशात जुनी संस्थानं कुठे कुठे मिसळली, ते पाठ करायचं होतं. मधेच थांबून तिने मला विचारलं की देवासची दोन्ही राज्यं एक झाली का. झाली, मी म्हटलं.

"म्हणजे आता रस्त्याच्या अलीकडे-पलीकडे एकच?"

"एकच."

"मग आता त्या बाईची म्हैस घरी आली असेल."

मी म्हटलं, आली असेल. तिने मधे बोट ठेवून पुस्तक मिटलं, आणि म्हणाली, "आजोबांना कळायला हवं होतं."